कान्हेरीची लेणी पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत, बोरिवलीच्या जंगलातल्या या डोंगरावर शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तरी बहुतेक मंडळी तिसऱ्या लेण्यातल्या उंच बुद्धमूर्तीसमोर फोटो काढतात, पायऱ्यांवर बसून वेफर्स संपवतात आणि परत फिरतात. कान्हेरी खरी सुरू होते ती तिथून वर. त्यामुळे खालच्या उत्तरांत वरच्या डोंगराला जरा जास्त जागा मिळाली आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तिथे पोचायचं कसं?

पश्चिम रेल्वेनं बोरिवली गाठा आणि पूर्वेला बाहेर पडा. तिथून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वारापर्यंत चालत किंवा रिक्षानं जाता येतं. मेट्रोनं येणाऱ्यांसाठी ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचंच स्थानक आहे. खरं अंतर प्रवेशद्वाराच्या आत आहे. तिथून लेण्यांचा पायथा सहा-सात किलोमीटरवर आहे, आणि हे अनेकांना तिकीट काढल्यावर कळतं. आतून उद्यानाची बस मिळते, भाड्यानं सायकलही मिळते. सायकलनं जायचं ठरवलंत तर शेवटचा चढ दमवतो. परतीचा उतार मात्र फुकटात मिळतो. खासगी गाड्या आत सोडण्याचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून गाडी आत नेता येईलच असं धरून निघू नका.

कोणत्या दिवशी जावं?

सोमवारी नाही. त्या दिवशी उद्यानही बंद असतं आणि लेणीही. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बसची रांग मोठी असते. मंगळवार ते शुक्रवारमधली एखादी सकाळ काढता आली तर उत्तम. प्रवेशद्वारावर लवकर पोचा, कारण अकरानंतर उघड्या कातळावर ऊन चटके देतं आणि वरच्या भागात झाडांची सावली तुटक आहे.

दोन वेळा तिकीट का काढावं लागतं?

जंगल वनखात्याचं आणि लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, म्हणून. उद्यानाचं तिकीट मुख्य प्रवेशद्वारावर काढायचं, लेण्यांचं पायथ्याशी. लेण्यांचं तिकीट भारतीयांना २५ रुपये आणि परदेशी पर्यटकांना ३०० रुपये असं आहे. ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही. दर बदलू शकतात. बसचं भाडं वेगळं.

पावसाळ्यात जावं की हिवाळ्यात?

दोन्ही वेळा जावं, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. लेणी नीट पाहायची असतील, शिलालेखांपाशी रेंगाळायचं असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळचं तिरपं ऊन कोरीव कामावर पडलं की झिजलेल्या आकृतीही उठून दिसतात.

पावसाळ्यात शिल्पं अंधारात जातात, पण डोंगर कसा चालत होता ते तेव्हाच कळतं. कातळावर पडलेलं पाणी कोणत्या पन्हळीतून कुठल्या टाक्यात उतरतं हे डोळ्यांसमोर दिसतं. लेण्यांच्या मधल्या घळीतून ओढा धो धो वाहत असतो. त्यात उतरू नका. तिथले रक्षकही उतरू देत नाहीत आणि ते बरोबर आहे. शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरून पडणं हा इथला सर्वांत नेहमीचा अपघात. गुळगुळीत तळव्यांच्या चपला घरी ठेवा.

मे महिन्यात जाऊ नका. करवंदांसाठी जायचं असेल तर गोष्ट निराळी.

कारवीचं विचारणाऱ्यांसाठी: ती आठ वर्षांनी एकदा फुलते. या जंगलात २०१६ मध्ये आणि मग २०२४ मध्ये बहर येऊन गेला, त्यामुळे पुढचा २०३२ च्या सुमारास.

किती वेळ लागेल?

पायथ्यापासून वर जाऊन परत यायला तीन-चार तास हाताशी ठेवा. नुसतं पहिलं, दुसरं आणि तिसरं लेणं पाहायचं तर पाऊण तास पुरे. उद्यानातली ये-जा यात धरलेली नाही.

सगळी लेणी पाहायची का? निवडायची तर कोणती?

सगळी पाहू नका. बरीचशी लेणी म्हणजे एक ओसरी, आत एक खोली आणि दगडाचा ओटा. दहा पाहिली की अकरावं वेगळं वाटत नाही. लेण्यांना क्रमांक दिलेले आहेत, त्या आधारानं ही काही शोधा.

पहिलं लेणं अर्धवट आहे. दुमजली विहार, म्हणजे भिक्षूंचा मठ, काढायचा बेत होता, तो मधेच थांबला. कोरणारे वरून खाली, बाहेरून आत कसे जात असत, हे समजून घ्यायला पुऱ्या झालेल्या लेण्यापेक्षा हे बरं.

तिसरं लेणं हे मुख्य चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचं दालन. आत स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर कमानदार छत. कार्ल्याचा चैत्य पाहिला असेल तर ओळख लगेच पटेल. हा त्यानंतरचा आणि त्याहून लहान. दर्शनी भिंतीवर दात्यांच्या जोड्या कोरल्या आहेत, त्यांच्या अंगावरचे दागिने आणि डोक्यावरची बांधणी बघण्यासारखी आहे. ओसरीच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत. त्या मूळ चैत्याबरोबरच्या नाहीत. चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळाच्या आसपासचा, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. मूर्ती त्यानंतर काही शतकांनी आल्या. आधी स्तूपालाच वंदन होई, पुढे बुद्धाची मूर्ती आली. हा बदल इथे एकाच ओसरीत दिसतो.

अकराव्या लेण्याला ‘दरबार’ म्हणतात, पण दरबाराशी त्याचा काही संबंध नाही. लांबलचक दालन आणि त्यात जमिनीलगत कोरलेले दोन लांब, बुटके ओटे. वेरूळच्या पाचव्या लेण्यात असेच आहेत. इथे भिक्षू समोरासमोर बसून पाठ करत की जेवत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ओट्यांची उंची पाहून स्वतःच अंदाज बांधा.

एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे. एकावर एक रचलेली ती डोकी तिबेट-चीनकडच्या मूर्तींत पुष्कळ दिसतात. भारतात दगडात कोरलेलं असं शिल्प अतिशय दुर्मीळ. ते ठसठशीत नाही, जवळ जाऊन शोधावं लागतं.

सदुसष्टावं शिल्पांनी भरलेलं आहे. नव्वदाव्यात अवलोकितेश्वराभोवती संकटांचे छोटे प्रसंग कोरले आहेत. कुणाला साप, कुणाला हत्ती, कुणाची नाव बुडते आहे. बंदरांतून पैसा येणाऱ्या विहारात बुडती नाव कोरली जावी यात नवल नाही. याच लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, त्याविषयी पुढे.

वेळ उरला तर सत्त्याऐंशीव्या क्रमांकाची कपार गाठा. दिवंगत स्थविरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, स्मरणार्थ बांधलेल्या विटांच्या लहान स्तूपांचे अवशेष तिथे ओळीनं आहेत. तिकडे फार कुणी फिरकत नाही.

भिक्षूंनी इतक्या आडबाजूला, जंगलात का वस्ती केली?

आज आडबाजूला वाटतं. साष्टी बेटाच्या मधोमध असलेल्या या डोंगरापासून सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, कल्याण आणि ठाणं सगळं पोचण्याच्या टप्प्यात होतं, आणि दक्षिणेला चौल. ही त्या काळची गजबजलेली बंदरं. कल्याणहून नाणेघाट चढला की जुन्नर आणि पुढे पैठण. थोडक्यात, विहार बाजारपेठांपासून दूर होता, पण भिक्षा आणि दान पोचणार नाही इतका दूर नव्हता. भिक्षूंना एकांत हवा होता, पण पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचं तर धान्य, कापड आणि औषधही हवं. कान्हेरीची जागा या दोन्ही गरजा भागवते.

शिवाय डोंगरात कोरता येण्याजोगा खडक होता. तो फार चांगला नाही. ज्वालामुखीतून आलेला, आत खडे मिसळलेला, भरड खडक आहे हा. म्हणून अजिंठा-वेरूळसारखी नाजूक रेघ इथे टिकलेली नाही आणि पुष्कळ चेहरे झिजले आहेत. ‘इथलं काम ओबडधोबड आहे’ असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा त्या खडकावरून हात फिरवावा. शिल्पावरून नको, बाहेरच्या कातळावरून.

डोंगरावर शेकडो माणसं राहायची तर पाणी कुठून आणत?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण कान्हेरीत पाहण्यासारखं सर्वांत हुशारीचं काम तेच आहे.

बहुतेक विहारांच्या अंगणात, एका कडेला, कातळात चौकोनी तोंडाचं टाकं आढळेल. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलं आहे. वरून तोंड लहान, आत पोकळी मोठी. त्यामुळे ऊन कमी लागतं आणि पाणी कमी आटतं. आता मान वर करा. लेण्याच्या दर्शनी भागावर, छज्जाच्या वरच्या कातळात आडव्या-तिरप्या पन्हळी खोदलेल्या दिसतात. डोंगरउतारावरून येणारं पाणी दारात न पडता कडेला वळावं आणि टाक्यात उतरावं, अशी ती सोय. एकाच खोदकामानं ओसरी कोरडी राहते आणि टाकंही भरतं. कितीतरी टाक्यांत आजही पाणी असतं.

अंगणाच्या कातळात जागोजागी गोल आणि चौकोनी खळगे दिसतील. त्यांत लाकडी खांब रोवून मांडव घालत असणार. आज लेणी उघडीबोडकी दिसतात, पण वापरात असताना पुढे लाकडाची आडोशाची बांधणी होती. लाकूड कुजून गेलं, खळगे राहिले. हे एकदा लक्षात आलं की रिकामा कातळ बघण्याची तऱ्हाच बदलते: इथे पायवाट, इथे बसायचा ओटा, इथे घागर बुडवायची जागा.

पाणी देणं हे मोठं पुण्य मानलं जाई, आणि त्यात राजघराण्यांशी संबंधित माणसंही होती. इथल्या एका टाक्याजवळचा लेख सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख करतो. ती कार्दमक या क्षत्रप कुळातली, एका महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची, मुलगी. तिच्या अमात्यानं, सतेरकानं, हे टाकं दिलं. महाक्षत्रपाच्या नावाचं पहिलं अक्षर ‘रु’ तेवढं शिल्लक आहे, आणि तो रुद्रदामन असावा असं मानतात. म्हणजे ज्या क्षत्रपांशी सातवाहनांच्या लढाया झाल्या, त्यांच्याच घरातली मुलगी सून म्हणून आली होती, याचा पुरावा एका पाण्याच्या टाक्यानं जपून ठेवला.

टाक्यांतलं पाणी पिऊ नका. त्यात नाणी टाकू नका, बाटल्याही नकोत.

हे सगळं कोरायला पैसे कुणी दिले?

एका कुणी नाही. कान्हेरीत शंभराच्या आसपास लेख नोंदवले गेले आहेत, आणि त्यांत व्यापारी, सोनार, भिक्षू, भिक्षुणी, गृहिणी असे नाना तऱ्हेचे दाते भेटतात. कुणी लेणं दिलं, कुणी टाकं, कुणी बसायचा ओटा. गावांची नावंही येतात: कल्याण, सोपारा, चौल, नाशिक. मुख्य चैत्य उभारणाऱ्यांत व्यापारी होते, आणि तिथल्या लेखात दगड फोडणाऱ्या आणि घासून गुळगुळीत करणाऱ्या कारागिरांचाही उल्लेख येतो. कारागिरांची अशी दखल आपल्याकडे क्वचितच घेतलेली आढळते.

नुसतं कोरून भागत नसे, पुढचा खर्चही असे. त्यासाठी अक्षयनीवी होती: मुद्दल कायम ठेवायचं आणि व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, वगैरे खर्च भागवायचा. यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या राज्यवर्षातल्या लेखात तर कल्याणच्या एका उपासकानं मंगलठाण गावातलं शेत दिल्याची नोंद आहे. ते गाव म्हणजे आजचं मागाठाणे. मेट्रोनं आलात तर कदाचित त्याच स्थानकावरून पुढे याल.

राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, उत्तर कोकणचे शिलाहार त्याचे मांडलिक असताना, नवव्या शतकातही देणग्या येतच होत्या. पूजा, विहाराची डागडुजी, चीवरं आणि पुस्तकं यांसाठी पैसे ठेवल्याचा उल्लेख तेव्हाच्या लेखांत आहे. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या एका उपासकानं १०० द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, दिल्याचंही लिहिलं आहे. पुस्तकांसाठी वेगळी रक्कम ठेवणारा विहार म्हणजे तिथे शिकवणं चालत असणार, हे उघड आहे.

तिसऱ्या लेण्यातले काही खांब साधे का आहेत?

काम पुरं झालं नाही म्हणून. काही खांबांवर घागरीच्या आकाराच्या बैठका, वर हत्ती आणि माणसं आहेत. काही नुसतेच अष्टकोनी राहिले.

अजिंठ्यासारखी चित्रं आहेत का?

नाहीत. चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धाच्या अपुऱ्या चित्राचे अंश आहेत. चित्रांच्या अपेक्षेनं आलात तर हिरमोड होईल.

विहार ओस कधी पडला? कुणी उद्ध्वस्त केला का?

हल्ला झाला आणि एका दिवसात सगळं संपलं, अशी गोष्ट इथे सांगता येत नाही. कोरण्याचं काम इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालं, आणि वस्ती दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात होती. म्हणजे हजारेक वर्षं. तिबेटात धम्म नेणारे आचार्य अतीश तरुणपणी कृष्णगिरीच्या विहारात राहुलगुप्तांकडे शिकले असं तिबेटी परंपरा सांगते, आणि हा कृष्णगिरी म्हणजे कान्हेरीच असं मानलं जातं.

नव्वदाव्या लेण्यातले पहलवी लेख १००९ आणि १०२१ सालचे आहेत. पारशी मंडळी डोंगर पाहायला आली आणि आपली नावं कोरून गेली. त्यांच्या लेखांना आज पुरावा म्हणून किंमत आहे. याचा अर्थ तुम्हीही नाव कोरावं असा नाही. संरक्षित स्मारकावर तो गुन्हा आहे.

हळूहळू व्यापाराचे मार्ग बदलले, आश्रयदाते बदलले, आणि दान आटत गेलं. दानावर चालणारा विहार दान थांबलं की फार काळ टिकत नाही.

पुढे पोर्तुगीज आले, त्यांनी वर्णनं लिहून ठेवली. १८३९ मध्ये जेम्स बर्ड या इंग्रज डॉक्टरनं मोठ्या चैत्याजवळचा एक स्तूप उकरला, तेव्हा अस्थिपात्रांबरोबर ताम्रपट सापडला. त्यावर त्रैकूटक या राजघराण्याच्या संवताचं २४५ वं वर्ष आहे, म्हणजे इसवी सन ४९४ च्या आसपासचं.

लेण्यांतून गुजरातपर्यंत बोगदा जातो, हे खरं का?

नाही. ही कथा जुनी आहे. पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कूतो यानं खंबायतपर्यंत जाणाऱ्या भुयाराची ऐकीव गोष्ट चारशे वर्षांपूर्वी नोंदवली आहे. त्यानंतर ती बोरिवलीच्या रिक्षात अजून ऐकू येते. भुयार म्हणून दाखवतात ती तोंडं बहुधा टाक्यांची असतात. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरल्याची गोष्टही याच पठडीतली.

बिबट्या दिसेल का? माकडांचं काय?

बिबटे या जंगलात आहेत, पण दिवसा माणसांच्या वर्दळीत ते सहसा समोर येत नाहीत. आडवाटेनं शिरू नका, लहान मुलांना एकटं पुढे पळू देऊ नका आणि संध्याकाळ व्हायच्या आत खाली या.

खरा त्रास माकडांचा. हातातली पिशवी, खिशातून डोकावणारं बिस्किटाचं पाकीट, थंड पेयाची बाटली, काहीही हिसकावतात. त्यांना ही सवय आपणच लावली आहे. खायला घालू नका, मनाई आहे. खाणं पाठपिशवीत आत ठेवा, आणि माकडानं काही पकडलंच तर ओढाताण न करता सोडून द्या.

कड्याखाली मधमाश्यांची पोळी दिसली तर तिथे आरडाओरडा किंवा धूर नको.

आजी-आजोबांना किंवा लहान मुलांना नेता येईल का?

येईल. पहिली तीन लेणी पायथ्यापासून थोड्याच पायऱ्यांवर आहेत, आणि बस जवळ सोडते. त्यावर मात्र कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. काही उंच, काही झिजलेल्या, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. त्यांना तिसऱ्या लेण्याच्या अंगणात सावलीत बसवून बाकीच्यांनी वर जाऊन यावं. चाकाच्या खुर्चीनं वरचा भाग होत नाही.

आत चपला काढायच्या का? वंदना म्हटली तर चालते का?

चपला काढण्याची सक्ती नाही. पण तिसऱ्या लेण्यात अनेक उपासक येऊन स्तूपासमोर वंदना घेतात, बुद्धपौर्णिमेला पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं येतात. ती म्हणत असतील तेव्हा गप्प राहावं, मधून कॅमेरा घेऊन जाऊ नये. मेणबत्त्या आणि अगरबत्ती आत लावू नका, काजळी दगडात मुरते. मूर्तींच्या मांडीवर किंवा स्तूपावर चढून फोटो काढणाऱ्यांना बेधडक हटका.

फोटोंसाठी परवानगी लागते का?

साध्या कॅमेऱ्यानं किंवा मोबाइलनं काढायला नाही. तिवई लावायची असेल, व्यावसायिक चित्रीकरण असेल, तर आधी परवानगी लागते. ड्रोन नाही.

बरोबर काय न्यावं? वर खायला मिळतं का?

माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, आणि एक लहान टॉर्च. टॉर्च भिंतीला समांतर धरली की पुसट अक्षरं उठून दिसतात. समोरून प्रकाश टाकला तर काहीच कळत नाही. प्रवेशद्वारावर प्लास्टिकची तपासणी होते, म्हणून डबा आणि स्टीलची बाटली बरी. पायथ्याशी पाड्यांवरच्या बायका हंगामाप्रमाणे काकड्या, चिंचा, करवंदं घेऊन बसतात. जेवणाचा डबा खालीच उघडा, लेण्यांत नको.

एकाच दिवसात आसपास आणखी काय पाहता येईल?

पाय शिल्लक असतील तर बोरिवली पश्चिमेचं मंडपेश्वर. ती शैव लेणी आहेत, आणि तिथेही पोर्तुगीजांच्या खुणा दिसतात. अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी, म्हणजेच कोंडिविटे, मात्र दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा. तिथल्या चैत्यात स्तूपाभोवती गोल कोठडी कोरली आहे. कान्हेरी करून लगेच गेलात तर ती घाईत उरकली जाईल.